डिसेंबरची यादी आली: ‘उंबरठा’ रात्री साडेअकराला, दुपारी पुन्हा ‘बनवाबनवी’च

तापीकाठ (भुसावळ)

मंडळी, जुन्या मराठी पिक्चरवाल्या आपल्या चॅनलची डिसेंबरची यादी लागली. नाव घेत नाही, इथं येणाऱ्या निम्म्या लोकांच्या घरी दिवसभर तेच चालू असतं. अख्खी यादी टाकत बसत नाही, कामाचं तेवढं सांगतो.

दर सोमवारी सकाळी सहाला प्रभात कंपनीचे पिक्चर: ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ आणि २९ ला ‘रामशास्त्री’. १४ ला गदिमांचा स्मृतिदिन, त्या दुपारी ‘जगाच्या पाठीवर’. १७ ला डॉ. लागूंसाठी संध्याकाळी ‘पिंजरा’ आणि त्याच रात्री उशिरा ‘सामना’. ‘मानिनी’ १९ ला दुपारी दोनला. २४ ला सकाळी नऊला ‘श्यामची आई’. ३१ ला दिवसभर दादा कोंडके, त्याबद्दल तक्रार नाही.

आता मुद्द्याचं. १३ डिसेंबर, शनिवार, स्मिता पाटीलचा स्मृतिदिन. ‘उंबरठा’ ठेवलाय. कधी? रात्री साडेअकराला. आणि त्याच दिवशी दुपारी एकला ‘अशी ही बनवाबनवी’, संध्याकाळी सहाला ‘धुमधडाका’. ‘जैत रे जैत’ तर यादीत कुठंच नाही.

बनवाबनवीशी माझं वैर नाही. पण महिन्यातून चार वेळा? आमच्या घरात आता पोरं वाक्य आधी म्हणतात आणि पिक्चर मागून येतो.

बोला.

शेवभाजी_स्पेशल (धुळे)

पहिला नंबर! बनवाबनवीला काही बोलायचं काम नाही हां. बाकी चालू द्या.

नर्मदेची_लेक (नंदुरबार)

साडेअकरा! म्हणजे ज्यांच्यासाठी तो पिक्चर आहे त्या बायकांनी तो पाहूच नये, असाच हिशोब दिसतो. सकाळी पाचला उठणारी बाई रात्री दोनपर्यंत जागणार आहे का?

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८२ चा, जब्बार पटेलांचा, पटकथा तेंडुलकरांची, मूळ कादंबरी शांता निसळ यांची ‘बेघर’. सुलभा महाजन खात्यापित्या घरातली सून. नवरा वाईट नाही, सासरचे मारझोड करत नाहीत, आणि तरीही ती आधारगृहाची अधीक्षक म्हणून बाहेरगावी नोकरी धरते. त्या आधारगृहात काय काय चालतं ते पाहिलं की झोप उडते. मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? तिच्याशी कोणी फारसं वाईट वागत नाही. सगळे समजूतदार आहेत, आणि समजूतदारपणानंच तिला घराबाहेर ठेवतात. गिरीश कार्नाडांचा नवरा किती शांतपणे बोलतो ते बघा, ओरडणारा परवडला असता.

हा पिक्चर सासू-सुनांनी दुपारी एकत्र बसून पाहायचा आहे. नंतर दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही तरी चालेल.

तापीकाठ

ताई, +१. शेवटच्या ओळीला दोनदा.

खान्देशी_जिभाऊ (शिंदखेडा)

भाऊ, तुमनं बठ्ठं खरं शे. पन रातले साडेअकरा वाजता कोन दखी? मी तं आठ वाजता जेवस नि नऊले जपी जास.

केळीवाला (रावेर)

जिभाऊ, तुमच्याकडे शेतीपंपाला दिवसाची लाइट असेल म्हणून झोप येते. आमच्या फीडरला १३ च्या आठवड्यात रात्रीची थ्री फेज आहे, त्यामुळे साडेअकरा म्हणजे आमचा प्राइम टाइम.

खोटं वाटेल, पण मी ‘सामना’ पहिल्यांदा शेतातच पाहिला. केळीला पाणी लावलं होतं. ठिबक असलं तरी रात्री लाइन बघत फिरावंच लागतं, कुठं नळी सुटते, कुठं डुकरं येतात. मोबाइल स्टार्टरच्या पेटीवर टेकवून ठेवला आणि आवाज फुल. बिबट्याच्या भीतीनं आमच्याकडे सगळेच रात्री मोबाइलवर काहीतरी मोठ्यानं लावतात, कोणी भजनं, कोणी कव्वाली. त्या रात्री हिंदूराव धोंडे पाटील बोलत होते. निळूभाऊंचा तो आवाज अंधारात आला तर बिबट्या तर सोडा, शेजारचा शेतकरीसुद्धा येत नाही.

तर माझं म्हणणं, उशिराचा पिक्चर ठेवा, पण दुसऱ्या दिवशी दुपारी तोच परत लावा. दोघांची सोय.

नर्मदेची_लेक

हे पटलं. पुनःप्रक्षेपण मागायला हवं.

पुण्यात_खान्देशी (कोथरूड)

एक शंका. स्मिताचा विषय निघाला की खान्देश मंचावर एवढी गर्दी का होते? जन्म पुण्याचा, शाळा पुण्याची, बातम्या मुंबई दूरदर्शनवर वाचल्या, कामं बेनेगलांकडे आणि जब्बारांकडे. आपण सगळं ओढून आणतो राव.

तापीकाठ

आलं पुणं!

बोरीकाठ (अमळनेर)

वडील शिवाजीराव गिरधर पाटील, गाव शिरपूर. मंत्री होते, स्वातंत्र्यसैनिक होते, सगळी नोंद आहे. माहेर वडिलांच्या गावावरून मोजायची आपल्याकडे पद्धत आहे, पुण्यात असेल काही वेगळी.

आणि ओढून आणायचंच म्हटलं तर ‘जैत रे जैत’ सुद्धा आणता येतो. १९७७ चा पिक्चर, कथा गोनीदांची, डोंगर कर्नाळ्याचा, माणसं ठाकर. यात आपलं काय? तर गाणी ना. धों. महानोरांची. पळसखेड जिल्ह्यानं औरंगाबादकडे (आताचं छत्रपती संभाजीनगर), पण शेंदुर्णीच्या शाळेत शिकलेला आणि जळगावच्या बाजारात कायम दिसणारा माणूस. ठाकरांच्या तोंडी महानोरांचे शब्द आहेत, आणि ऐकताना कुठं परके वाटत नाहीत. रानात राबणाऱ्याची भाषा रानात राबणाऱ्यानं लिहिली, हे त्याचं कारण. हृदयनाथांनी त्या चाली अशा बांधल्यात की गाणं कुठं सुरू झालं आणि बोलणं कुठं संपलं ते कळत नाही. नाग्या मोहन आगाशे, चिंधी स्मिता. पिक्चरमध्ये गाणी इतकी की अख्खी गोष्ट गाण्यांवरच चालते, आणि तरी कुठं अडत नाही.

तो यादीत नाही याचा राग मला ‘उंबरठा’च्या वेळेपेक्षा जास्त आहे.

पुण्यात_खान्देशी

बरं बाबांनो, शिरपूर तर शिरपूर. महानोरांवर मात्र सहमत.

आसोद्याची_सून (जळगाव)

मला ‘मानिनी’बद्दल बोलायचं आहे. १९६१ चा, अनंत मान्यांचा, संगीत वसंत पवारांचं. यात बहिणाबाईंची गाणी आहेत हे चॅनलवाल्यांना माहीत आहे का? माहीत असतं तर ३ डिसेंबरला लावला असता, कारण बहिणाबाई गेल्या तो दिवस ३ डिसेंबर १९५१. यांनी १९ ला ठेवलाय. सोळा दिवसांनी. का, तर कुठंतरी जागा रिकामी होती.

आमच्या सासूबाई आसोद्याच्याच. बहिणाबाईंचं माहेर ते. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ‘अरे संसार संसार’ जात्यावर बसल्यासारखं म्हणायच्या. कुठून शिकल्या विचारलं तर म्हणायच्या, पिक्चरमधून. म्हणजे आसोद्याची गाणी सोपानदेवांनी वहीत उतरवली, अत्र्यांनी पुस्तक काढलं, मुंबईत चाल लागली, पिक्चरमध्ये गेली आणि तिथून फिरून आसोद्याला आली. मला याची फार गंमत वाटते.

बोरीकाठ

वहिनी, अत्र्यांचा विषय काढलात म्हणून. १९५२ ला बहिणाबाईंची गाणी पुस्तकात आली ती अत्र्यांच्या पुढाकारानं, आणि १९५३ ला त्याच अत्र्यांनी ‘श्यामची आई’ काढला. श्यामची गोष्ट कोकणातली, पालगडची, पण साने गुरुजी मास्तर आमच्या अमळनेरच्या प्रताप हायस्कूलचे. वसतिगृहातल्या पोरांचे कपडे धुणारे, अंथरुणं आवरणारे मास्तर. एका वर्षाच्या अंतरानं अत्र्यांनी खान्देशाशी नातं असलेल्या दोन आया महाराष्ट्रापुढे आणल्या, एक पुस्तकातून, एक पडद्यावर. ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, हे सगळ्यांना पाठ आहे. पुस्तकाचं श्रेय मात्र अत्र्यांना फारसं कोणी देत नाही.

२४ डिसेंबर गुरुजींची जयंती, तारीख तरी चॅनलनं बरोबर पकडली. पण एक सांगा, यादीत नुसतं ‘श्यामची आई’ लिहिलंय. जुना की नवा? २०२३ मध्ये सुजय डहाकेंनी नवा काढला, तोही कृष्णधवलच. जाहिरातीत फोटो दिसला तरी ओळखू येणार नाही.

तापीकाठ

यादीत साल दिलेलं नाही. वनमालाबाई दिसल्या तर जुना.

ऑपरेटर_आबा (भुसावळ)

नमस्कार. नातवानं धागा दाखवला, टायपिंग त्याचं, बोलणं माझं.

मी भुसावळला टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. कार्बनच्या कांड्या जाळून पिक्चर दाखवायचे त्या काळापासून. आता तुम्ही यादीवर भांडताय, मी प्रिंटबद्दल सांगतो, कारण त्याबद्दल कोणी बोलत नाही.

या चॅनलवर पिक्चर बघताना पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर लक्ष ठेवा. अधूनमधून एक गोल ठिपका येतो आणि जातो. डोळा मिटायच्या आत. सात-आठ सेकंदांनी दुसरा येतो. तो आमच्यासाठी असायचा. पहिला ठिपका दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, दुसरा दिसला की चेंजओव्हर. लोकांना कळतही नाही की रीळ बदललं. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटं चालतं, दोन जोडून लावली की बावीस. नवीन ऑपरेटरचा ठिपका चुकला की पडदा पांढरा, आणि खालून शिट्ट्या.

आता हा ठिपका टीव्हीवर दिसतो याचा अर्थ काय? चॅनलकडे जी कॉपी आहे ती निगेटिव्हवरून केलेली नाही. टॉकीजमध्ये फिरून फिरून झिजलेल्या प्रिंटवरून केलेली आहे. म्हणून पडद्यावर ओरखड्यांचा पाऊस पडतो, म्हणून मध्येच गाण्याचं अर्धं कडवं गायब असतं. ते कडवं चॅनलनं कापलेलं नाही. ते कुठल्या तरी गावच्या टॉकीजमध्ये फिल्म तुटली तेव्हा माझ्यासारख्यानंच कापून जोडलेलं आहे. तुटलेल्या ठिकाणच्या दोन-चार चौकटी काढल्याशिवाय सांधा बसत नाही, आणि दर वेळी थोडं थोडं जातं.

केळीवाला

आबा, हे भारी आहे. आता पिक्चर सोडून ठिपकेच बघत बसणार मी.

पेटीमास्तर (धुळे)

आबांना दंडवत. ठिपक्यांचं आज कळलं.

माझी तक्रार कानाची. मी पेटी वाजवतो. घरी ‘उंबरठा’ची रेकॉर्ड आहे. टीव्हीवर ‘सुन्या सुन्या मैफलीत माझ्या’ लागलं की पेटीवर सूर धरायला जातो आणि धरता येत नाही. रेकॉर्डपेक्षा गाणं चढलेलं असतं, पण पुरतं अर्धा स्वरही नाही. समजा मूळ गाणं काळी एकचं, तर टीव्हीवर ते काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे कुठंतरी, दोनकडे झुकलेलं. पेटीवर ती पट्टीच नाही.

कारण साधं आहे. पिक्चर सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, आपल्याकडची टीव्हीची पद्धत २५ ची. चॅनलवाले २४ च्या चौकटी सरळ २५ नं सोडतात. पिक्चर चार टक्के जोरात पळतो, दोन तासांचा ११५ मिनिटांत संपतो, आणि आवाज त्याबरोबर वर चढतो. आवाज परत खाली आणायची सोय आहे, पण जुन्या मराठी पिक्चरसाठी कोण करतो?

लताबाईंचा आवाज तरी झेपतो. ‘संत तुकाराम’मधले पागनीस ऐकून बघा. तो माणूस अभंग म्हणताना सूर कसा सावकाश सोडतो, तेच निसटतं.

अवांतर: ‘आधी बीज एकले’ तुकोबांचा अभंग म्हणून अजूनही लोक कीर्तनात घेतात. तो शांताराम आठवल्यांनी पिक्चरसाठी लिहिलेला आहे. इतका जमला की तुकोबांच्या खात्यावर जमा झाला.

शेवभाजी_स्पेशल

मास्तर, आणि तुकोबा एवढे जाडे का दिसतात टीव्हीवर?

पेटीमास्तर

ते माझं खातं नाही, नातू सांगेल.

नातू_बोलतोय (भुसावळ, आबांचाच)

सांगतो. जुन्या पिक्चरची चौकट जवळजवळ चौकोनी, चारास तीनच्या आसपास. आताचे टीव्ही सोळास नऊ. चॅनलवाले दोन्हीकडे काळ्या पट्ट्या ठेवण्याऐवजी चित्र आडवं ताणतात, म्हणजे प्रत्येक माणूस एक तृतीयांश रुंद होतो. पागनीस पैलवान दिसतात ते त्यामुळे.

यावर उपाय तुमच्याच हातात आहे. टीव्हीच्या रिमोटवर, सेट टॉपच्या नव्हे, चित्राचा आकार बदलायचं बटण असतं. तिथं चारास तीन करा. ताणलेलं चित्र परत आखडतं आणि माणसं माणसांसारखी दिसतात. पण डोकी कापलेली दिसत असतील तर समजा चॅनलनं चित्र ताणलं नाही, वरून-खालून छाटलंय. त्याला घरी इलाज नाही.

आसोद्याची_सून

आत्ता करून बघितलं. सुलोचनाबाई बारीक झाल्या! इतकी वर्षं मी उगाच काय काय बोलत होते.

नर्मदेची_लेक

😄

मुंबईत_अडकलेला (ठाणे, मूळ पारोळा)

मी टीव्हीच्या धंद्यात होतो, या चॅनलमध्ये नाही, पण कारभार सगळीकडे सारखाच. दोन गोष्टी सांगतो, मग शिव्या घाला.

एक, पिक्चर सुटे विकत मिळत नाहीत. हक्क असलेल्याकडून चॅनल गठ्ठा घेतं, अमुक इतके पिक्चर, अमुक वर्षं. त्यात चार-दोन चालणारे आणि बाकी भरताड. कधीकधी तुमचा ‘उंबरठा’ त्या भरताडात येतो. पैसे दिलेत चालणाऱ्यांचे, म्हणून ते पुन्हा पुन्हा दाखवून वसूल करायचे.

दोन, बऱ्याच जुन्या पिक्चरचे हक्क नेमके कोणाकडे हेच ठरत नाही. निर्माता गेला, मुलं तीन, एकानं एका कंपनीला लिहून दिलं, दुसऱ्यानं दुसऱ्या. कोर्टाची नोटीस येण्यापेक्षा चॅनल तो पिक्चर लावतच नाही. ‘जैत रे जैत’बद्दल मला काही माहिती नाही, पण एखादा पिक्चर यादीत कधीच येत नसेल तर नेहमी चॅनलची आवडच कारण असते असं नाही.

आणि रात्रीची वेळ. दर आठवड्याला प्रेक्षकांचे आकडे येतात. आकडा खाली गेला की साहेब विचारतो. ‘बनवाबनवी’ लावली म्हणून आजवर कोणाची नोकरी गेलेली नाही.

तापीकाठ

म्हणजे दोष कोणाचाच नाही. हे बरं असतं.

मुंबईत_अडकलेला

दोष आहे ना. आकडे ज्यांच्या घरातून येतात त्यांनी दुपारी ‘उंबरठा’ पाहिलाच नाही, कारण दुपारी तो कधी लावलाच नाही. एकदा लावून तर बघा, हे कोणी म्हणत नाही. मी म्हणायचो, म्हणून आता धंद्यात नाही.

ऑपरेटर_आबा

पारोळेकर खरं बोलले. पण हा घोळ आजचा नाही. अख्ख्या मध्य भारताचं पिक्चरचं वितरण आपल्या भुसावळातून हलायचं, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन आजही भुसावळलाच आहे. रिळांच्या पेट्या रेल्वेनं यायच्या, इथून विदर्भात, मध्य प्रदेशात, पार राजस्थानपर्यंत. एवढं सगळं आपल्या गावात, आणि मराठी पिक्चरची पेटी त्यात किती असेल? फार थोडी. आपल्याकडे टॉकीजला हिंदीच चालायचं. मालक म्हणायचा, मराठी लावून खुर्च्या कोणाला दाखवू?

मराठी चालायचा जत्रेत. सारंगखेड्याला घोडेबाजार भरला की शेजारी तंबू. अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेला बोरीच्या पात्रात तंबू. एकच मशीन, त्यामुळे चेंजओव्हर नाही, रीळ संपलं की दिवे लागायचे आणि शेंगदाणेवाले आत शिरायचे. जयश्री गडकर पडद्यावर आली की पुढच्या वाळूतली माणसं उभी राहायची आणि मागची माणसं त्यांना वाळू फेकून मारायची. दादा कोंडके आले तेव्हा टॉकीजच्या मालकांचं डोकं ठिकाणावर आलं. ‘सोंगाड्या’नंतर मराठीची पेटी मागून घ्यायला लागले.

म्हणून मला हसू येतं. तेव्हा म्हणायचे दादांचे पिक्चर आचरट, आणि आता ३१ तारखेला दिवसभर लावले तर तुम्हीच म्हणता तक्रार नाही. पन्नास वर्षांनी बनवाबनवीसाठीही असाच कोणी भांडेल, आणि त्याला रात्री साडेअकराची वेळ मिळेल.

शेवभाजी_स्पेशल

आबा एक नंबर. आता माझं ऐका. मी बनवाबनवीवालाच आहे, पण लक्ष्याचा ‘एक होता विदूषक’ का लावत नाहीत? १९९२ चा. तोही जब्बार पटेलांचाच, लिहिलाय पुलंनी, गाणी परत महानोरांची, संगीत आनंद मोडकांचं. हसवणाऱ्या माणसाचं पुढारी लोक काय करतात ते त्यात आहे. लक्ष्याला नुसतं बनवाबनवीत बघितलेल्या माझ्या भाच्याला मी तो दाखवला. पहिला अर्धा तास हसायची वाट बघत होता, मग गप्प बसला.

दुपारी एकला बनवाबनवी आणि साडेतीनला विदूषक. लावा ना. तुमचा प्रेक्षक तिथंच बसलेला आहे, हाताला धरून पुढं न्या त्याला.

बोरीकाठ

शेवभाजी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. हे सगळ्यात शहाणं बोललात.

पुण्यात_खान्देशी

खरंच. हीच मागणी करू. चार बनवाबनवी कायम ठेवा, पण त्यातल्या एकीच्या पाठोपाठ विदूषक आणि एकीच्या पाठोपाठ ‘उंबरठा’.

प्रभातच्या सकाळी सहाबद्दल कोणीच बोललं नाही. २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, त्यात प्रभातची मूळ रिळं गेली. नायट्रेट एकदा पेटलं की विझत नाही. जे उरलंय ते कॉप्यांच्या रूपात. ‘कुंकू’मध्ये शांता आपटे इंग्रजी कविता गाते, १९३७ साली, जरठ नवऱ्याच्या घरात बसून. ते सोमवारी सकाळी सहाला, नळाला पाणी यायच्या वेळेला लावतात.

आसोद्याची_सून

आमच्याकडे पाणी चार दिवसांआड येतं, सोमवारी सहाला काही अडचण नाही. 😄

केळीवाला

चॅनल ऐकत नसेल तर मालेगावकरांसारखं करू. त्यांनी आपला ‘शोले’ काढला, आपण आपला ‘उंबरठा’ काढू.

नर्मदेची_लेक

त्यात सुलभा कोण होणार आणि स्वयंपाक कोण करणार ते आधी ठरवा.

तापीकाठ

चला, मसुदा टाकतो. चॅनलच्या पत्त्यावर प्रत्येकानं आपापल्या नावानं पाठवा, सगळ्यांचं एकच पत्र गेलं की ते केराच्या टोपलीत जातं. मागण्या चारच ठेवतो. १३ चा ‘उंबरठा’ १४ ला सकाळी परत दाखवा, ‘जगाच्या पाठीवर’च्या आधी. ‘मानिनी’ १९ ऐवजी ३ ला. चित्र ताणू नका. यादीत पिक्चरचं साल लिहा. ‘जैत रे जैत’ आणि ‘विदूषक’ जानेवारीसाठी मागू, आत्ता मागितले तर हक्कांचं कारण सांगतील.

पट्टीचा मुद्दा घालू का मास्तर?

पेटीमास्तर

घाला. वाचणाऱ्याला कळणार नाही, पण घाला.

मुंबईत_अडकलेला

३ तारखेचं विसरा, वेळापत्रक गोठलेलं असतं. १४ सकाळचं मिळू शकतं, रविवारी सकाळी सहसा काहीतरी भरायचंच असतं. पत्रात रागावू नका. ‘आमच्याकडे बायका दुपारी एकत्र बसून पाहतात’ हे नर्मदाताईंचं वाक्य घाला, जाहिरातवाल्यांना ते आवडतं.

नर्मदेची_लेक

मसाल्याच्या जाहिराती घेऊन ‘उंबरठा’ पाहायचा म्हणजे. चालेल, पाहायला तर मिळेल.

खान्देशी_जिभाऊ

मी बी धाडस पत्र. पन १३ ले जागनं पडी तं पडी, घरमां सांगी टाकं. आमनी सून म्हने, बाबा तुमी नऊले जपतस, तुमले कोन उठाडी? म्हनलं पाटोड्यास्नी आमटी कर, आपोआप जाग येई.

केळीवाला

जिभाऊ, या मग रावेरला. बामणोदची वांगी आहेत, शेतातच भरीत लावू, लाइट साडेअकरालाच येते. मोठा मोबाइल आणतो.

ऑपरेटर_आबा

मी येईन. पण मोबाइलवर ठिपका दिसत नाही, कोणाकडे टीव्ही असेल तर बघा.

शेवभाजी_स्पेशल

सेट टॉपला पेनड्राइव्ह लावून रेकॉर्ड होतं ना? ‘उंबरठा’ला ३२ जीबीचा पुरेल का? कोणी केलंय का आधी?

नातू_बोलतोय

पुरतो. पण आधी फॉरमॅट करा, आणि रेकॉर्डिंग दहा मिनिटं आधीपासून लावा. हे चॅनल वेळेच्या आधी सुरू करतं.